जंगलात न्यायला पहिलाच न दुमडणारा चाकू घ्यायचाय. कोणता घ्यावा आणि जपावा कसा?

पात्याची लांबी 10 ते 12 सेंटीमीटर आणि जाडी 3 मिलिमीटरच्या आसपास पुरे. त्याहून मोठं पातं रुबाबदार दिसतं, पण काटकी तासताना हात अवघडतो. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलंय का, हे आधी बघा. लाकूड फोडताना चाकू दगा देतो तो बहुधा मुठीपाशीच.

कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण ओलं राहिलं की रात्रीत तांबूस ठिपके उठतात. समुद्राकाठी फिरणार असाल तर सरळ स्टेनलेस घ्या.

खरं कसब पाजवण्यात आहे. 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगड ओला करा, पातं साधारण 20 अंशात टेकवा आणि तो कोन न बदलता मुठीपासून टोकापर्यंत ओढत राहा. थोड्या वेळाने वरच्या बाजूने बोट पात्यावरून धारेबाहेर हलकेच सरकवलं (धारेच्या लांबीने कधीच नाही!) की बारीक खरखर जाणवते. ती पूर्ण लांबीभर आली की मगच बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, पात्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढा. कागद सरसर कापला गेला पाहिजे.

वापरून झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवा. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं.

आणि कळकळीने सांगतो, मांडीवर धरून कधीही तासू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते.