‘ग्रामसभेत बोललो, पण ठराव कुठे आहे?’ : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे गावातील किंवा प्रभागातील कारभाराविषयी आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक शाळेपाशी येऊन थांबतात. पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची व गावांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेत मुलींचे स्वच्छतागृह आहे, पण पाणी नसल्यामुळे ते दोन वर्षे कुलूपबंद आहे. मागच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ‘काम करून घेऊ’ असे आश्वासनही मिळाले. सहा महिन्यांनी विचारले, तर असा विषय झालाच नव्हता, असे सांगण्यात आले. आता काय करावे?

उत्तर : सभेत शंभर माणसांनी तुमचे बोलणे ऐकले असेल, तरी कागदोपत्री तेवढेच घडलेले असते जेवढे इतिवृत्तात, म्हणजे आपण ज्याला प्रोसिडिंग म्हणतो त्यात, लिहिले गेले आहे. मी अनेक ग्रामसभांना बसले आहे आणि त्यांतील कितीतरी सभांत असे पाहिले आहे, की आधी हजेरीच्या सह्या घेतल्या जातात, मग चर्चा होते आणि प्रोसिडिंग मात्र नंतर सवडीने लिहिले जाते. तुमचा विषय याच फटीतून गळाला असावा. त्यासाठी कोणाच्या मनात खोट असलीच पाहिजे असे नाही. परंतु जो विषय ठरावाच्या भाषेत मांडला गेला नाही, तो लिहिणाऱ्याच्या हातून सहज सुटतो.

म्हणून पुढच्या सभेची सूचना निघताच ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या, हा विषय विषयपत्रिकेवर घेण्याची मागणी त्यात करा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का यांसह पोच घ्या. सभेत नुसते गाऱ्हाणे न मांडता ठरावाचा मसुदाच वाचून दाखवा : कोणते काम, कोणत्या ठिकाणी, कोणत्या निधीतून आणि कोणत्या मुदतीत. सूचक तुम्ही व्हा. अनुमोदक म्हणून त्या शाळेत जिची मुलगी शिकते अशा एखाद्या आईला उभे करा. सभा संपण्यापूर्वी, लोक उठायला लागण्याच्या आत, ठराव मोठ्याने वाचून दाखवण्याची विनंती करा. त्यानंतर माहितीच्या अधिकाराखाली ठरावाची प्रमाणित प्रत मागा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि माहिती तीस दिवसांत मिळायला हवी. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

आता निधीविषयी. ‘पैसे नाहीत’ हे उत्तर या कामाला सहजासहजी लागू पडत नाही. वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या रकमेचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात हा बंधित हिस्सा ६० टक्के होता. शाळेच्या स्वच्छतागृहापर्यंत नळ नेणे हे याच स्वरूपाचे काम आहे. शिवाय बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी या गोष्टी शाळेच्या किमान निकषांत आहेत. कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि आधीपासून चालू असलेल्या शाळांना निकष पूर्ण करण्यासाठी तीन वर्षांची मुदत होती, म्हणजे ती २०१३ सालीच संपली. कुलूप लावलेले स्वच्छतागृह दप्तरी ‘आहे’ म्हणून मोजले जात असेल, तर तेही ठरावात स्पष्ट शब्दांत लिहा.

आणखी एक सुचवते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी, अशी आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात तरतूद आहे. हा विषय तिथे आधी घ्या. बारा-तेरा वर्षांच्या मुली महिन्यातील चार दिवस शाळा का चुकवतात हे भर ग्रामसभेत बोलायला अनेकींना अवघड जाते, पण महिला सभेत ते बोलले जाते आणि तिथला ठराव घेऊन ग्रामसभेत गेले की तो एकट्या माणसाचा विषय राहत नाही. गणपूर्तीची अडचण आली तरी खचू नका. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. नेमके त्याच सभेला लोक जात नाहीत आणि पुष्कळसे ठराव तिथेच होतात, म्हणून तिथे तर आवर्जून जा.

प्रश्न : ग्रामपंचायतीतून थकबाकी नसल्याचा दाखला हवा आहे. ‘साहेब तालुक्याला गेले आहेत’ हे तीन आठवडे ऐकतो आहे.

उत्तर : तोंडी विचारणे थांबवा आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अर्ज करा, तो ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरूनही करता येतो. हा दाखला अधिसूचित सेवांमध्ये आहे. त्याची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे दाखला देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती कार्यालयात फलकावर लावलेली असली पाहिजे. मुदतीत दाखला मिळाला नाही तर पहिले अपील, मग दुसरे अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग, असा क्रम आहे. पुरेशा कारणाशिवाय विलंब झाला तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाची पोच जपून ठेवा, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

प्रश्न : माझी निवड शाळा व्यवस्थापन समितीवर झाली आहे. मी सातवी शिकलेली आहे. आतापर्यंत दोनदा मुख्याध्यापकांनी वही घरी पाठवली आणि मी सही केली. सभा झाली का, हे मला माहीत नाही. मी काही विचारले तर माझ्या मुलाला त्रास होईल का, अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, तुमच्या पत्राला मी सर्वांत जास्त वेळ दिला. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका समितीवर होते आणि घरी आलेल्या वहीवर न वाचता सही करण्याची चूक माझ्या हातूनही झाली. त्या पानावर पुढे एका खर्चाला मंजुरी लिहिली गेली आणि तो खर्च कशावर झाला हे मला कधीच नीट कळले नाही. म्हणून पहिली विनंती हीच की, जी सभा तुम्ही पाहिली नाही तिच्या वहीवर सही करू नका. ‘सभा असेल तेव्हा बोलवा, मी येऊन सही करते,’ एवढे सांगितले तरी पुरे आहे. त्यात भांडण नाही.

तुमचे शिक्षण किती झाले याचा आणि या जबाबदारीचा काही संबंध नाही. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले, वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान दिले, ते शाळेच्या दारात रोज लेकराला सोडणाऱ्या माणसाला शाळा सर्वांत जवळून दिसते म्हणूनच. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो हे पाहणे ही समितीची कामे कलम २१ मध्येच लिहिलेली आहेत. पुढच्या सभेत तुम्ही तीनच गोष्टी विचारा : यावर्षी शाळेला कोणते अनुदान किती आले, ते कशावर खर्च झाले आणि यंदाचा आराखडा कुठे आहे. हे प्रश्न कोणाविरुद्ध नाहीत. प्रामाणिक मुख्याध्यापकाला तर ते हवेच असतात, कारण समिती पाठीशी असली की वरच्या कार्यालयात त्याचेही म्हणणे वजनाने ऐकले जाते.

शिक्षकांची बाजूही समितीने समजून घ्यायला हवी. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला हवी, असे कायदा सांगतो. त्याच कायद्याचे कलम २७ असेही सांगते की, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामांना जुंपू नये. तुमच्या शाळेतील गुरुजी वर्गाऐवजी दुसऱ्याच कामात अडकलेले दिसत असतील, तर त्यांना बोल लावण्यापूर्वी समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहावे. शिक्षकाला जे लिहिता येत नाही ते पालकांना लिहिता येते.

तुमची भीती मी मोडीत काढत नाही, ती खरी आहे. एकटीने विचारू नका. समितीतील आणखी दोन मातांना बरोबर घ्या आणि प्रश्न तिघींच्या सहीने द्या. मुलाशी खरोखरच कोणी वाईट वागले, तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

प्रश्न : आमच्या महापालिकेत २०२२ पासून प्रशासक होते. आता नगरसेवक आले आहेत, पण प्रभागात चार आहेत. महापालिकेच्या दवाखान्याची वेळ वाढवावी म्हणून गेलो, तर प्रत्येक जण दुसऱ्याचे नाव सांगतो. नेमके कोणाला धरावे?

उत्तर : चौघांनाही. प्रभागातील जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे आरक्षण आणि मतदानाच्या सोयीसाठी दिलेली असतात. निवडून आल्यावर चौघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात. ‘तो भाग माझ्याकडे नाही’ ही त्यांनी आपसात केलेली वाटणी आहे, तिला कायद्याचा आधार नाही. म्हणून पत्र एकच लिहा, चौघांच्या नावाने लिहा आणि त्याची प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना द्या. प्रभाग समितीच्या सभेत हा विषय कोण मांडणार ते चौघांना लेखी विचारा.

प्रशासकांच्या काळात महासभेचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे होते. त्या काळात काही कामे वेगाने झाली हे मान्य करूनही मला वाटते की नुकसान मोठे झाले, कारण प्रश्नोत्तरे थांबली आणि निर्णय का झाला हे विचारण्याची जागाच उरली नाही. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधानाचे अनुच्छेद २४३-यू सांगत असताना हे घडले, याची खंत नागरिकांनी बाळगली पाहिजे. आता सभागृह भरले आहे, तर अंदाजपत्रकाच्या आधी तिथे पोहोचा. पुणे महापालिकेने नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवण्याची पद्धत २००६ मध्ये सुरू केली. तुमच्या शहरात ती नसेल, तर ती सुरू करावी अशी मागणीही त्याच पत्रात करा. दवाखान्याची वेळ वाढवायची म्हणजे मनुष्यबळ वाढवायचे आणि त्यासाठी तरतूद लागते. ती अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर मागून उपयोग होत नाही.

प्रश्न : माझी मुले तालुक्याच्या खासगी शाळेत शिकतात. गावच्या शाळेची पटसंख्या घटते आहे, याबद्दल ग्रामसभेत बोललो, तर ‘तुमची मुले कुठे शिकतात?’ असे विचारून गप्प बसवले गेले. मला बोलण्याचा हक्क नाही का?

उत्तर : हक्क आहे. ग्रामसभेचे सदस्यत्व मतदार यादीवरून ठरते, मुलांच्या शाळेवरून नाही. तुम्हाला शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसता येणार नाही, एवढाच फरक. तरीही तुम्हाला विचारलेला प्रश्न मला उद्धट वाटत नाही. ज्यांच्यापाशी पर्याय आहे त्यांनी शाळा सोडली आणि ज्यांच्यापाशी नाही त्यांचीच मुले मागे राहिली, ही वेदना त्यामागे आहे. मुलांना परत आणण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही, पण शाळा बंद झाली तर पाऊलवाटेने लांब चालत जावे लागेल ते त्या घरांतील सहा-सात वर्षांच्या लेकरांना. त्या वयाच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा मिळावी, असे नियम सांगतात.

म्हणून पुढच्या ग्रामसभेपूर्वी एखाद्या कामाच्या दिवशी शाळेत जा. मुख्याध्यापकांना आणि समितीच्या अध्यक्षांना भेटून शाळा विकास आराखडा पाहायला मागा, त्यातील कोणते काम कोणत्या कार्यालयात अडले आहे ते समजून घ्या आणि शाळेत मुले शिकत असलेल्या पालकाला ठरावाचे सूचक होऊ द्या. अनुमोदक म्हणून तुम्ही सही करा.