संगणक ‘बूट’ होतो, तो बूट कोणता?

प्रश्न असा आहे: ‘संगणक बूट होतोय’ यातला बूट आणि पायातला बूट एकच का? आणि त्याऐवजी सरळ ‘सुरू होतोय’ का म्हणू नये?

बूट एकच. उंच बुटाच्या मागच्या काठाला, तो पायात ओढून घ्यायला, कातड्याचा बंद शिवलेला असतो. तो ‘बूटस्ट्रॅप’. आपल्याच बुटांचे बंद ओढून स्वतःला उचलणं, हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अशक्य कामासाठीचा वाक्प्रचार होता. आपल्या जुन्या दृष्टांतातला तरबेज डोंबारीही स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, तसंच हे.

संगणकाची अडचण नेमकी हीच. बाहेरून प्रोग्रॅम वाचून घ्यायलाही आत एक प्रोग्रॅम हवा. तो पहिला आणायचा कुठून? १९७५ च्या अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकात तो माणूस हाताने भरायचा. आठ खटके वर-खाली करून एक बाइट मांडायचा, ‘डिपॉझिट’चा खटका दाबायचा, मग पुढचा बाइट. एक खटका चुकला की सगळं मुसळ केरात! एवढा इवलासा ‘बूटस्ट्रॅप लोडर’ आत गेला की तो कागदी फितीवरचा मोठा प्रोग्रॅम ओढून घ्यायचा. यातल्या ‘बूटस्ट्रॅप’चंच आखूड रूप म्हणजे आपलं ‘बूट’. अल्टेअरसाठी लिहिलेली बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा दाखवायला मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन विमानाने अल्टेअरच्या कंपनीकडे, अमेरिकेतल्या अल्बुकर्कला निघाले, तेव्हा हा लोडरच लिहायचा राहिलाय हे त्यांच्या वाटेत लक्षात आलं. तो त्यांनी विमानातच लिहिला.

गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम ही संगणक चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) ज्या संगणकांवर असे, तिथे हे काम रॉममधला, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीतला, छोटा प्रोग्रॅम करायचा. तो डिस्केटच्या (फ्लॉपी डिस्कच्या) सुरुवातीचा भाग वाचायचा आणि त्यातून उरलेली प्रणाली आत यायची. डिस्केट बदलली की कंट्रोल-सी दाबून ‘वॉर्म बूट’ करावा लागे, म्हणजे संगणक बंद न करताच पुन्हा बूट. बंद संगणक चालू करून होतो तो ‘कोल्ड बूट’. ‘कोल्ड’ आणि ‘वॉर्म’ हे भेद तेव्हाही रोजच्या वापरातले होते.

याउलट १९८२ चा कमोडोर ६४ बघा. त्याची प्रणाली आणि बेसिक दोन्ही रॉममध्येच. बटण दाबलं की निळ्या पडद्यावर ‘रेडी’ हजर. डिस्केटवरून काही ओढून आणायचंच नाही, म्हणून तिथे ‘सुरू झाला’ एवढं पुरतं.

बाकी ठिकाणी मात्र मी ‘बूट होणे’ आग्रहाने ठेवेन. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा काळाच आहे, अशा वेळी आपण म्हणतो, ‘चालू झालाय, पण बूट होत नाहीये.’ यातल्या ‘बूट’च्या जागी ‘सुरू’ घालून पाहा.