व्हेंट चिकटतो, मग पंधरा दिवसांत सुटतो का?

या वेळच्या प्रश्नांपैकी बरेच प्रश्न ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या पॅनल आणि बाहेर बसवायच्या दिव्यांच्या कारखान्यांतून आले आहेत. सगळ्यांचा विषय एकच आहे: इलेक्ट्रॉनिक खोक्यावर डकवायचे गोल पांढरे व्हेंट, म्हणजे मागे गोंदाचं कडं आणि मधे हवा सोडणारी पण पाणी अडवणारी पीटीएफईची (टेफ्लॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकची) झिरझिरीत मेम्ब्रेन, म्हणजे पडदा. तक्रारी वेगवेगळ्या आहेत, पण बहुतेकींचं मूळ स्टोअरच्या मांडणीत सापडतं.

प्रश्न: आम्ही व्हेंटचे रोल पत्र्याच्या शेडमध्ये, माळ्यावर ठेवतो. मे महिन्यात काही वाटलं नाही. पावसाळा लागल्यावर लावलेले व्हेंट मात्र पंधरा दिवसांत कडेने उचलायला लागले. माल खराब आला की आमचं काही चुकलं? (स्टोअर विभाग, रबाळे एमआयडीसी)

उत्तर: वर्णनावरून संशय माळ्यावरच जातो. पण पुरवठादाराला पत्र लिहिण्याआधी एक चाचणी करा, तिला तीनच दिवस लागतात.

एक व्हेंट माळ्यावरच्या रोलमधून घ्या आणि एक न उघडलेल्या पिशवीतून. तुमच्या एकाच खोक्याचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दोन्ही व्हेंट शेजारी-शेजारी लावा. दाब फक्त गोंदाच्या कड्यावर द्या, मधल्या मेम्ब्रेनला बोट लावू नका. अॅक्रिलिक गोंदाला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तेवढे थांबा आणि मग दोन्ही सोलून बघा. दोन्ही सारखेच सहज निघाले तर दोष पृष्ठभागाचा: खरखरीत पावडर कोटिंग, मोल्डिंगमधलं सिलिकॉन किंवा हाताचं तेल. फक्त माळ्यावरचा निघाला तर दोष साठवणीचा.

सोलताना गोंद कुठे राहतो तेही नीट बघा. उन्हाळाभर तापलेल्या गोंदाची ओढताना तार निघते, थोडा पत्र्यावर राहतो आणि थोडा व्हेंटवर. कधी लायनरवरून, म्हणजे गोंदाखालच्या सोलायच्या कागदावरून, व्हेंट काढतानाच अर्धं कडं कागदावर राहून जातं, कारण उष्णतेत जुना होत गेलेला गोंद लायनरलाच जास्त घट्ट बसतो. कड्याच्या बाहेरच्या धारेवर काळपट रेघ दिसली तर तिथून गोंद बाहेर झिरपला आहे आणि त्यावर धूळ बसली आहे. असा व्हेंट सुरुवातीला चिकटतो, पण धारेपाशी पकड नसल्यामुळे तिथूनच उचलायला लागतो.

मेमध्ये काही दिसत नाही याचं कारण सरळ आहे. पत्र्याखालच्या उष्णतेत गोंद मऊ होतो आणि रोलच्या ताणाने हळूहळू पसरतो, पण वरून रोल जसाच्या तसा दिसतो. जूनपासून हवा दमट झाली की कागदी लायनर ओलावा पितो, फुगतो, वाकतो आणि व्हेंटची धार लायनरवरून सुटते. आत हवा आणि धूळ शिरते. म्हणजे बिघाड उन्हाळ्यात होतो आणि तो उघडकीला येतो पावसाळ्यात.

सुटलेल्या धारेकडे दुर्लक्ष का करू नये, तेही सांगतो. उन्हात ६० अंश सेल्सिअसला तापलेल्या बंद खोक्यावर सर आली आणि आतली हवा २५ अंशांवर उतरली, तर आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे १०० मिलिबारच्या आसपास घसरतो. ही ओढ १ मीटर उंच पाण्याच्या दाबाएवढी असते. व्हेंट नीट बसला असेल तर हवा त्यातून आत येते. धार उचललेली असेल तर तिथलं पाणी खोका आतच ओढून घेतो, आणि मग गास्केट कितीही चांगलं असलं तरी त्याचा उपयोग राहत नाही.

आता ठेवायचं कसं. खोलीत २० ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता हे लक्ष्य ठेवा. उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच पाळा. कपाट बंद दाराचं हवं, ऊन पडणाऱ्या भिंतीला लागून नको, आणि सर्वात खालचा कप्पा जमिनीपासून निदान एक वीत वर हवा. माल मूळ पिशवीत आणि मूळ खोक्यातच राहू द्या. रोल ज्या बाजूने आला त्याच बाजूने ठेवा आणि वर बेअरिंगची खोकी रचू नका. वजनाने मेम्ब्रेन दबते आणि गोंद धारेबाहेर येतो. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं, दिवसातलं कमाल-किमान लक्षात ठेवणारं साधं घड्याळ कपाटात ठेवा आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहा. आतापर्यंत काय झालं ते नंतर कळायला दुसरा मार्ग नाही.

आणि एक. याच कपाटात थिनर, सिलिकॉन स्प्रे, ग्रीस किंवा कॉन्फॉर्मल कोटिंगचे (सर्किट बोर्डावर मारायच्या संरक्षक लेपाचे) डबे नकोत. डबा नीट बंद नसेल तर वाफ किंवा फवारा कड्यावर बसतो आणि पकड जाते.

प्रश्न: गोंद लवकर खराब होऊ नये म्हणून व्हेंट फ्रिजमध्ये ठेवले तर? (महापे)

उत्तर: नको. गार ठिकाणाहून काढलेल्या मालावर आपल्या हवेत पाणी धरतं, आणि तेच जास्त नुकसान करतं. पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २७ च्या खाली असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी बसणार. फ्रिजमधला रोल सोडाच, २२ अंशांच्या एसी खोलीतला रोलही असेंब्ली लाइनवर उघडला की लायनर दमट होतो.

म्हणून एसी खोलीत माल ठेवत असाल तर पिशवी न उघडता आदल्या संध्याकाळी लाइनवर आणा. मोठा रोल आतपर्यंत कोमट व्हायला वेळ लागतो. रात्रभर राहिला की सकाळी उघडायला हरकत नाही. अगदी घाई असेल तर चार तास तरी द्या. बाहेरून हात लावून पिशवी कोमट वाटली म्हणजे आतला रोल कोमट झाला असं समजू नका.

रात्री एसी बंद होतो, तिथे तर आणखी काळजी हवी. रोज गार-गरम होण्याने लायनर पुन्हापुन्हा फुगतो आणि आकसतो. एकसारखं २८ अंश तापमान हे रोज २० ते ३३ फिरण्यापेक्षा बरं, असं आमचं मत आहे.

प्रश्न: ८०० व्हेंटची मुदत संपून तीन महिने झाले. माल टाकायचा का? (वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर: आधी एक गोष्ट तपासा. मुदत कोणत्या तारखेपासून मोजली? ती उत्पादनाच्या तारखेपासून मोजायची असते, तुमच्याकडे माल आला त्या तारखेपासून नाही. बोटीने आलेला माल तुमच्या हातात पडतो तेव्हा मुदतीतले काही महिने आधीच गेलेले असू शकतात. म्हणून माल घेतानाच खोक्यावरची उत्पादनाची तारीख बघा, खरेदीच्या नोंदीत तीच लिहा आणि किती मुदत शिल्लक हवी हे ऑर्डरमध्येच स्पष्ट करा.

तारीख बरोबर मोजूनही संपली असेल तर हा माल गिऱ्हाइकाच्या खोक्यांवर लावू नका. सोलण्याची चाचणी पास झाली तरी ती आजची पकड सांगते, तीन उन्हाळ्यांनंतरची सांगत नाही. आयपी ६५ किंवा आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याची प्रमाणित श्रेणी) लिहून विकलेल्या खोक्यावर हा धोका कशासाठी घ्यायचा? उत्पादक लॉट नंबर बघून लेखी मुदतवाढ देत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी हे व्हेंट कामगारांना लावण्याचा सराव द्यायला ठेवा आणि त्यावर लाल स्टिकर मारा, नाहीतर घाईच्या दिवशी तोच रोल लाइनवर येतो.

पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून आधी आलेला माल आधी, एवढ्यावर थांबू नका. आधी संपणारा माल आधी काढा. नंतर आलेल्या खोक्याची मुदत कधीकधी आधीच्यापेक्षा लवकर संपते.

प्रश्न: अर्धा वापरलेला रोल कसा ठेवायचा? (घणसोली)

उत्तर: मूळ पिशवीतली हवा दाबून काढा आणि तिची घडी घालून चिकटपट्टी लावा, किंवा झिपची जाड पिशवी वापरा. पिशवीवर तीन गोष्टी लिहा: लॉट नंबर, उत्पादनाची तारीख, पिशवी उघडल्याची तारीख. रबर बँड लावू नका, त्याची खाच व्हेंटवर उमटते. सैल झालेला रोल पिळून घट्ट करू नका, थर एकमेकांवर सरकतात. मोजून दिलेले पाच-पन्नास व्हेंट दिवसअखेर लाइनवर उरले तर ते रोलमध्ये परत जोडू नका. ते वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आधी तेच लावा.

प्रश्न: पिशवीत सिलिका जेल टाकावं का? (ऐरोली)

उत्तर: उत्पादकाने टाकलेलं असेल तर राहू द्या. स्वतःहून मूठभर टाकू नका. कागदी लायनर फार कोरडा झाला तरी वाकतो, आणि फुटलेल्या पुडीची भुकटी कड्यावर बसली की तो व्हेंट गेला.

प्रश्न: व्हेंट लावलेली खोकी यार्डात महिनाभर पडून राहतात. मेम्ब्रेनवर चिकटपट्टी लावून झाकलं तर चालेल का? (तुर्भे)

उत्तर: चिकटपट्टी नको; काढताना मेम्ब्रेन ओरबाडली जाते आणि मागे गोंद राहतो. अख्ख्या खोक्यावर सैल पॉलिथिनची पिशवी घाला आणि ती खालून उघडी ठेवा.

यार्डात साबणाच्या पाण्याने धुणं किंवा जवळ स्प्रे पेंटिंग चालत असेल तर खोकी आधी तिथून हलवा. पाण्याचा थेंब पीटीएफईवर मोत्यासारखा उभा राहतो, कारण पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे. साबण, तेल आणि थिनरचा त्याहून बराच कमी, म्हणून ते छिद्रांत सहज उतरतात. असा व्हेंट उजेडासमोर धरला की पांढऱ्या मेम्ब्रेनवर पारदर्शक डाग दिसतो, कागदावर तेल सांडल्यासारखा. डाग वाळून गेला तर ते बहुधा अल्कोहोल किंवा थिनर असावं. दुसऱ्या दिवशीही दिसला तर व्हेंट काढा, जागा पुसून घ्या आणि नवा लावा.