दीड वर्षात ब्लॅक बेल्ट? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास कराटेचा क्लास असतो. मुलगी आठ वर्षांची आहे. सर म्हणतात, दीड वर्षात ब्लॅक बेल्ट होईल. दर दोन महिन्यांनी बेल्टची परीक्षा असते, तिची फी वेगळी. आम्हाला दोघांनाही कराटेतले काही कळत नाही. क्लास चांगला आहे की नाही, हे ओळखायचे कसे?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : आधी हिशेब करा. दीड वर्षाचे ७८ आठवडे. सणवार, शाळेच्या परीक्षा आणि मे महिना वगळला तर ७० उरतात. म्हणजे १४० तास, आणि त्यातला पाव हिस्सा वॉर्म-अपमध्ये जातो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी शिकवल्या जाणाऱ्या शोतोकान शैलीत ब्लॅक बेल्टच्या आधी नऊ-दहा क्यू, म्हणजे रंगीत बेल्टच्या पायऱ्या, असतात. खालच्या प्रत्येक पायरीला तीन-चार महिने आणि ब्राउनच्या प्रत्येक पायरीला सहा महिने धरले, तर आठवड्याला तीन दिवस न चुकता येणाऱ्यालाही तीन-साडेतीन वर्षे, म्हणजे साडेचारशेच्या आसपास तास लागतात. तेवढ्यात पाच हेइआन काता (काता म्हणजे एकट्याने करायच्या, ठरलेल्या हालचालींची मालिका), मग तेक्की शोदान, मग बस्साई दाई किंवा कांकू दाईसारखा मोठा काता बसतो. १४० तासांत मुलांना फार तर हालचालींचा क्रम पाठ होतो.

वयाचा मुद्दा वेगळा. लहान मुलांना ब्लॅक बेल्ट देणाऱ्या बऱ्याच संस्था त्याला ‘ज्युनिअर’ म्हणतात आणि पंधरा-सोळाव्या वर्षी पुन्हा परीक्षा घेतात. तुमचे सर यातले काय करतात, ते विचारा. साडेनऊ वर्षांच्या मुलीला मोठ्यांचाच पहिला दान (ब्लॅक बेल्टची पहिली पायरी) देतो म्हणाले, तर पुढचे प्रश्न विचारायचीही गरज नाही.

आता क्लास पाहायचा कसा. गॅदरिंगच्या किंवा प्रात्यक्षिकाच्या दिवशी जाऊ नका. मंगळुरी कौलांची चळत फोडणे आणि पोटावरून मोटारसायकल नेणे यावरून शिकवण्याबद्दल काहीच कळत नाही. कौले वाळलेली, ठिसूळ असतात. मध्ये फटी ठेवून रचली की वरचे कौल तुटून खालच्यावर आपटते आणि चळत कोसळते. मुलांच्या हाडांची वाढ व्हायची असते, त्यामुळे त्यांना हे करायला लावणे तर चूकच. साध्या बुधवारी जा आणि तासभर मागे बसून राहा.

ब्राउन बेल्टच्या मुलांकडून हेइआन शोदान करून दाखवायची विनंती करा. हा अगदी सुरुवातीचा काता आहे. २१ हालचाली, दोन किआई (जोराची आरोळी), आणि जिथून सुरू केला तिथेच येऊन संपतो. उभे राहायच्या जागी फरशीवर खडूने खूण करा. शेवटी मूल खुणेपासून दोन-तीन फूट लांब असेल, तर त्याची पावले एकसारखी पडलेली नाहीत, हे तुम्हालाही दिसेल. पायही बघा. पुढचा गुडघा पावलाच्या वर हवा, आत कललेला नको. मागचा पाय ताठ आणि टाच जमिनीला टेकलेली हवी. पुढच्या हाताने ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी ओढलेली हवी. पिवळ्या बेल्टच्या मुलाचे हे चुकले तर काही नाही. पण ब्राउनच्या पाच जणांपैकी चौघांची टाच उचललेली असेल, तर ती चूक मुलांची नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर काय करतात. काहीजण पुढे उभे राहून ‘इच, नी, सान’ मोजतात आणि तास संपतो. चांगला शिक्षक ओळीतून फिरतो, मुलाला नावाने हाक मारतो, एकच चूक सांगतो आणि पुढच्या फेरीत ती सुधारली का ते परत येऊन बघतो. तीस मुलांमागे एकच शिक्षक असेल, तर मनात असूनही त्याला हे जमणार नाही. एखाद्या मुलाला सहज विचारा, ‘हा हात असा खाली का आणतोस?’ ‘पोटावरची लाथ अडवायला’ असे उत्तर येऊन त्याने जोडीदाराबरोबर करून दाखवले, तर शिकवणे आहे. नुसते ‘गेदान बराई’ हे नाव आले, तर पाठांतर आहे.

कुमितेत, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या लढतीच्या सरावात, लहान मुलांना आधी ठरलेला एकच हल्ला देतात. कुठे मारणार ते ओरडून सांगायचे, समोरच्याने अडवायचे, आणि मूठ अंगापाशी येऊन थांबली पाहिजे. पहिल्याच महिन्यात मोकळी मारामारी लावणारे क्लास टाळा. तसेच, वर्षानुवर्षे समोर जोडीदारच न देणारेही टाळा. तिथल्या ब्लॅक बेल्टला अंतराचा अंदाजच येत नाही. कोब्यावर किंवा फरशीवर मुठींवर जोर काढायला लावणे, पाय ताणताना मुलाच्या पाठीवर बसणे, पाणी प्यायला न सोडणे याला शिस्त म्हणतात खरे, पण त्यातून फक्त दुखापती होतात.

शेवटी दोन प्रश्न सरांना, मोकळेपणाने. मागच्या परीक्षेत किती मुलांना थांबवले? एकालाही नसेल, तर ती परीक्षा नाही, पावती आहे. आणि ब्लॅक बेल्टपर्यंतचा एकूण खर्च किती? महिन्याची फी, प्रत्येक बेल्टची परीक्षा, वार्षिक सभासदत्व, ड्रेस, ग्लोव्ह्ज, ‘ब्लॅक बेल्ट कॅम्प’ हे सगळे कागदावर लिहून घ्या. ‘यलो-वन, यलो-टू’ अशा पोटपायऱ्या आणि पैसे भरून मिळणारे ‘डबल प्रमोशन’ दिसले, की खर्चाचा आकडा कुठून येतो ते कळते.

प्रश्न : मुलाकडे तायक्वांदोची ‘इंटरनॅशनल’ लिहिलेली, सोनेरी शिक्क्याची सात प्रमाणपत्रे आहेत. यांना बाहेर किंमत आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : रंगीत बेल्टची प्रमाणपत्रे बहुतेक ठिकाणी क्लास किंवा त्याची संघटनाच देते. त्यावर ‘इंटरनॅशनल’ छापायला छापखान्याव्यतिरिक्त कुणाची परवानगी लागत नाही. ग्रीन, ग्रीन-वन, ब्लू, ब्लू-वन अशा क्रमाने (तायक्वांदोत या ‘वन’ पायऱ्या नेहमीच्याच) तो आला असेल आणि प्रत्येक टप्प्यावर पुढची तेगुक पूमसे (कराटेतल्या कातासारखी हालचालींची मालिका) शिकला असेल, तर काम व्यवस्थित चालले आहे. या पूमसे एकूण आठ.

खरी तपासणी ब्लॅक बेल्टच्या वेळी करा. ऑलिम्पिकमधल्या तायक्वांदोत ज्याला सगळीकडे मान आहे, ते प्रमाणपत्र सोलच्या कुक्कीवॉनचे. ही संस्था १९७२पासून आहे. त्यावर क्रमांक असतो आणि तो कुक्कीवॉनच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पंधरा वर्षांखालच्या मुलाला दान नव्हे, पूम (मुलांसाठीची तीच पायरी) मिळतो. त्याचा बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो. पहिल्यानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी दोन वर्षे थांबावे लागते. बारा वर्षांच्या मुलाला कुणी ‘थर्ड दान’ देत असेल, तर ते कुक्कीवॉनचे नसणार. परीक्षेच्या फीमध्ये कुक्कीवॉनची नोंदणी धरली आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारा. अनेक पालकांना फक्त स्थानिक संघटनेचा कागद मिळतो, आणि हे वर्षांनी कळते.

प्रश्न : नाशिकहून पुण्याला बदली झाली. मुलीचा ग्रीन बेल्ट आहे. नवे सर म्हणतात, पांढऱ्यापासून सुरू करा. ही लूट आहे का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : शैली कोणती, यावर अवलंबून. शोतोकानमध्ये जे हेइआन, तेच शितो-र्यू आणि वादो-र्यूमध्ये पिनान. पण हालचाली, पवित्रे आणि क्रमही थोडे वेगळे असतात. (शोतोकानचा हेइआन शोदान म्हणजे तिकडचा पिनान निदान. मुले इथेच गोंधळतात.) गोजू-र्यूमध्ये तर सुरुवातीचे कातेच निराळे. शैली बदलली असेल, तर महिना-दोन महिने पांढरा बेल्ट बांधून शिकायला हरकत नाही. त्यानंतर एकच परीक्षा घेऊन तिला योग्य पायरीवर बसवावे. शैली तीच असूनही प्रत्येक बेल्टची परीक्षा आणि फी पुन्हा मागत असतील, तर दुसरा क्लास पाहा. जुनी प्रमाणपत्रे आणि आधीच्या सरांचे दोन ओळींचे पत्र सोबत ठेवा.

प्रश्न : बेल्ट धुवायचा नसतो म्हणे?
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : धुवा. घाम आणि मळ साचून पांढरा पट्टा काळा होत गेला, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला आधार नाही. दानची पद्धत ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८०च्या दशकात सुरू केली. कराटेत शोतोकानचे जनक फुनाकोशी यांनी तीच उचलून १९२४ मध्ये पहिले दान दिले. बेल्ट गार पाण्यात, वेगळा धुवा. नव्या बेल्टचा रंग ड्रेसला लागतो.

प्रश्न : ब्लॅक बेल्टमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात का? क्लासच्या जाहिरातीत तसे लिहिले आहे.
— एक पालक, चिपळूण

उत्तर : बेल्टचे नाही. सवलतीचे क्रीडा गुण स्पर्धेतल्या सहभागावर किंवा कामगिरीवर मिळतात, आणि ती स्पर्धा शासनाच्या नियमांत बसणारी हवी. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचेही तसेच. तिथे तर प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि खाजगी ‘नॅशनल ओपन’ची पदके तिथेच गळतात. कराटेच्या राष्ट्रीय संघटनांचे आपापसांत वाद झाले आहेत, त्यामुळे मागच्या वर्षी चाललेला कागद यंदा चालेलच असे नाही. स्पर्धेचे पैसे भरण्याआधी माहितीपत्रक घेऊन जिल्हा क्रीडा कार्यालयात जा, आणि आयोजकांना विचारा की मुलाच्या वजनगटात किती खेळाडू आहेत. तीन असतील, तर कांस्यपदक आजच ठरलेले आहे.