भीमसेनजींसारखं गायचंय, पण घसा साथ देत नाही

प्रश्न : मी मिरजेत अकरावी सायन्सला आहे. चार वर्षं शास्त्रीय गायन शिकतोय. पंडित भीमसेन जोशी माझं दैवत. मोबाइलवर ऐकून त्यांच्या ताना तशाच्या तशा घ्यायला जातो आणि घसा बसतो. सर चिडतात. कधी वाटतं, हे आपल्याला या जन्मात जमणार नाही. भीमसेनजींनी अकराव्या वर्षी गाण्यासाठी घर सोडलं होतं. मीही कॉलेज सोडू का?

उत्तर : प्रिय मित्रा,

तुझं दैवत तुझ्याजवळच राहू दे. नक्कल करतोस याचीही लाज वाटू देऊ नकोस. गुरूच्या मागोमाग म्हणतच आपल्याकडे सगळे शिकले. फरक एवढाच, की गुरू समोर बसून "थांब, जोर लावू नकोस" म्हणतो. मोबाइल तुला थांबवत नाही.

घर सोडण्याची गोष्ट मात्र तू अर्धीच ऐकली आहेस. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून वेडावलेला गदगचा हा मुलगा १९३३ मध्ये घरातून निघाला तो गुरू शोधायला. ग्वाल्हेर, जालंदर असा भटकला आणि अखेर शिकला कुठे? गदगपासून फार लांब नसलेल्या कुंदगोळला, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे. तिथे त्यांनी काही वर्षं मान खाली घालून तालीम घेतली. ज्या गुरूसाठी त्यांनी एवढी पायपीट केली, तसा गुरू तुला गावातच मिळालाय. मग कॉलेज सोडून जाणार कुठे?

आता खाँसाहेबांचं आणि भीमसेनजींचं गाणं लागोपाठ ऐक. एकाचा आवाज बारीक, टोकदार, काळजात घुसणारा. दुसऱ्याचा भरदार, घुमणारा. आपल्या दैवताचा गळा भीमसेनजींनी उचलला नाही. सुरावर ठेहरण्याची ओढ घेतली आणि ती स्वतःच्या गळ्यातून मांडली. सवाई गंधर्वांच्याच शिष्या गंगूबाई हनगल आणि शिष्य फिरोज दस्तूरही ऐक. तालीम एकाच घरची, पण तिघांचे आवाज डोळे मिटून ओळखता येतात. तुझे सर तुझ्याकडून हेच मागत असणार, असं मला वाटतं.

तुझ्यासाठी एक काम सांगतो. एकच राग घे, समजा शुद्ध कल्याण. भीमसेनजींच्या आलापीची, म्हणजे रागाच्या संथ मांडणीची, पहिली दहाच मिनिटं ऐक आणि त्या वेळी गाऊ नकोस. गंधारावर (ग) ते किती थांबतात, श्वास कुठे घेतात, षड्जावर (सा) परत कसे येतात, हे वहीत लिही. मग मोबाइल बंद कर, तानपुरा लाव आणि तुझ्या पट्टीत, तुला झेपेल तेवढंच गा. तानांना हात लावू नकोस. अडलं तर ती वही सरांपुढे ठेव.

निराशेबद्दल : भीमसेनजींची बरीचशी गाजलेली ध्वनिमुद्रणं त्यांच्या चाळिशी-पन्नाशीतली आहेत. त्यांच्याशी सतराव्या वर्षीचा गळा ताडून पाहणं हा स्वतःवर अन्याय आहे. ताडायचंच असेल तर स्वतःचं सहा महिन्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग काढ. शिवाय तू मिरजेचा. खाँसाहेबांची कबर तुमच्याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथे जा. समोर बसलेला गवई खाकरतो, पाणी पितो, एखादी जागा हुकली की पुन्हा घेतो. हे बघितलंस की मनावरचं बरंच दडपण उतरेल.

करिअरचं थोडक्यात : बारावी पूर्ण कर, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चालू ठेव. बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी घेता येते. गायक वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं सरकारी नोकरी सांभाळून गात होते, हेही घरी सांग.

आणि घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखव. तोवर जोर लावून गाणं बंद, फक्त ऐकायचं.