मुलानं एवढे गोल मारले, आता पुढे काय?

सर, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, नववीत. यंदा आंतरशालेय स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल त्याचे झाले, पेपरात फोटो आला आणि तेव्हापासून फोन सुरू झाले. एक गृहस्थ स्पेनमध्ये ट्रायल करून देतो म्हणतात; साडेतीन लाख, तेही पंधरा दिवसांत भरायचे. बाहेरगावच्या एका निवासी अकादमीनंही बोलावलंय, तिची फी आम्हाला झेपेल. यजमान म्हणतात, आधी दहावी होऊ दे. सासूबाई म्हणतात, बडोद्यात राहून फुटबॉल कशाला, क्रिकेट खेळ. मुलगा म्हणतो, आत्ता नाही गेलो तर सगळं संपलं. त्यात हल्ली गुडघ्याखाली दुखतं म्हणतो, पण खेळणं काही सोडत नाही. काय करावं?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

ताई, आधी स्पेनचं बघू, कारण तिथं तुम्हाला मुदत घातली आहे. पैसे भरू नका.

फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियम असा आहे की अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी होत नाही. अपवाद आहेत, पण मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले, तर होते. युरोपीय संघातल्या देशांमध्ये आपापसात सोळा वर्षांनंतर काही अटींवर होते. सीमेलगत राहणाऱ्यांसाठी एक सवलत आहे. दांडिया बाजारातला मुलगा यात कुठेच बसत नाही. म्हणजे ट्रायल उत्तम झाली, तिथल्या प्रशिक्षकांनी पाठ थोपटली, तरी तो क्लब त्याची नोंदणी करू शकणार नाही. मग साडेतीन लाख कशाचे? विमानाचं तिकीट, हॉटेल, सराव आणि एक प्रमाणपत्र यांचे. सुनील छेत्रीचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सची त्याला घ्यायची तयारी होती. तेव्हा तो देशासाठी गोल मारत होता, तरी भारताचं फिफा क्रमवारीतलं स्थान खाली म्हणून त्याला वर्क परमिट मिळालं नाही. त्या गृहस्थांना फक्त एवढं विचारा की फिफाचा एजंट परवाना तुमच्याकडे आहे का, आणि नोंदणी कुठल्या नियमाखाली होणार ते लेखी द्याल का. फोन येणं आपोआप थांबेल.

आता गोलांबद्दल. याबाबत मला मनापासून काही सांगायचंय.

तेरा ते सोळा या वयात गोल कोण मारतो? बऱ्याचदा, ज्याचं अंग आधी भरलंय तो. मागून लांब चेंडू येतो, हा डिफेंडरच्या पुढे पळत सुटतो, खांद्यानं त्याला बाजूला सारतो आणि जोरात मारतो. कीपरचे हात अजून क्रॉसबारपर्यंत पोचत नसतात. गोल झाला. माझ्याकडे असे मुलगे आले आहेत. चौदाव्या वर्षी मिशी फुटलेली, प्रत्येक स्पर्धेत बक्षीस, गावभर नाव. सतराव्या वर्षापर्यंत बाकीचे उंचीनं आणि ताकदीनं बरोबरीला आले, आणि यांच्याकडे वेगाशिवाय दुसरं काहीच निघालं नाही, कारण दुसऱ्या कशाची गरजच कधी पडली नव्हती. फार वाईट वाटतं ते बघताना. मुलगा तोच, मेहनत तीच, आणि लोक म्हणतात, ‘याला काय झालं?’ त्याला काही झालेलं नसतं. त्याचं शिकायचं वय गोल मोजण्यात गेलेलं असतं.

तुमचा मुलगा तसाच आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला पाहिलेलं नाही. पण तुम्ही पाहू शकता, आणि त्यासाठी फुटबॉल कळावं लागत नाही. पुढच्या सामन्याला जा आणि दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो काय करतो? कमरेवर हात ठेवून उभा असतो की मान वळवून मागे डिफेंडर कुठे आहे ते बघत असतो? चांगला स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा खेळाडू, चेंडू पायाशी यायच्या आधी दोनतीनदा खांद्यावरून मागे बघून घेतो. क्रॉस, म्हणजे कडेकडून गोलसमोर टाकलेला चेंडू, येणार असं दिसलं की आधी एक पाऊल लांबच्या खांबाकडे टाकतो, डिफेंडर तिकडे झुकला की झटकन जवळच्या खांबाकडे घुसतो. चेंडू आला की पहिल्याच स्पर्शात तो मोकळ्या बाजूला घेतो. चेंडू पायाखाली अडला तर वेळ गेलीच. संधी डाव्या पायावर आली तर डाव्यानंच मारतो, उजव्यावर घेत बसत नाही. आणि गोल हुकला तर पुढच्या मिनिटाला पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहतो. यातलं निम्मं दिसलं तरी मला त्या बक्षिसापेक्षा जास्त आनंद होईल.

‘आत्ता नाही तर संपलं’ हे त्याच्या डोक्यातून हळूच काढा. रागावून निघणार नाही, उदाहरणांनी निघेल. इंग्लंडच्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे क्लबानं सोडून दिलं. तो खालच्या स्तरावर खेळत राहिला, जोडीला कारखान्यात काम करायचा. २०१२ मध्ये लेस्टरनं त्याला घेतलं तेव्हा तो पंचविशीचा होता, आणि २०१५-१६ मध्ये लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला तो त्याच्या गोलांच्या जोरावर. इंग्लंडच्याच हॅरी केनला आर्सेनल क्लबानं लहानपणीच नको म्हटलं होतं. पुढे टॉटनहॅमनं त्याला लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर असं एकामागून एक चार क्लबांकडे उसना दिला. २०१३ मध्ये लेस्टरच्या एका मोठ्या सामन्यात केन आणि वार्डी दोघंही राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेले होते. आपला बायचुंग भूतिया मात्र लवकर गेला, हेही खरं. १९९२ च्या सुब्रतो कपात, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, माजी गोलरक्षक भास्कर गांगुलींनी त्याला हेरलं आणि पुढच्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, तो ईस्ट बंगालकडे गेला. पण शाळेच्या संघातून खेळतानाच तो दिसला, हे लक्षात घ्या. तुमच्या मुलाची शाळा सुब्रतो कपला संघ पाठवते का? पाठवत नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा. साडेतीन लाखांपेक्षा ते कितीतरी मोलाचं.

राहिली निवासी अकादमी. तिला मी सरसकट नको म्हणणार नाही, पण हॉस्टेल आणि हिरवंगार मैदान बघून भुलू नका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अकादम्यांना स्टार देतो. हिला किती आहेत ते विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या वयोगटाचा संघ वर्षभर कुठल्या लीगमध्ये खेळतो, आणि गेल्या वर्षी आत आलेल्या मुलांपैकी प्रत्येकाला मैदानावर किती वेळ मिळाला. बाकावर बसून स्ट्रायकर तयार होत नाही. मोठ्या नावाच्या अकादमीत तिसऱ्या नंबरचा फॉरवर्ड होण्यापेक्षा इथल्या क्लबात दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळणं मी केव्हाही पसंत करीन. मुलाला परत पाठवलं तर शाळेचं काय, हेही आधीच विचारा. कागदावर तिथल्या तिथे सही करू नका, प्रत घरी आणा. नोंदणी त्यांच्याकडे झाली की दुसरीकडे जाताना त्यांची सोडचिठ्ठी लागते, आणि त्यात मुलांचं अख्खं वर्ष वाया गेलेलं मी बघितलंय. अठराखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही, तेवढं माहीत असू द्या.

माझं मत विचाराल तर दहावी बडोद्यातच होऊ दे. यजमानांचं बरोबर आहे, पण त्याचा अर्थ वर्षभर बूट कपाटात असा नको. आठवड्यातून तीन दिवस सराव, एक सामना, आणि बोर्डाच्या परीक्षेआधी महिनाभर थोडं कमी. अकरावीला जाताना अकादमीचा विचार पुन्हा करा. तोवर अंगही भरेल आणि खरं चित्र दिसेल.

गुडघ्याचं मात्र या आठवड्यातच बघा. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा उंचवटा दुखत असेल, तर बहुधा ते वाढीच्या वयातलं दुखणं आहे. मांडीचा मोठा स्नायू तिथं ओढ देतो आणि वाढतं हाड अजून कोवळं असतं. उंची वाढायची थांबली की सहसा ते जातं, पण तोवर उड्या आणि पळणं कमी करावं लागतं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. लंगडत असेल, सूज असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. स्प्रे मारून मैदानात उतरवणाऱ्या प्रशिक्षकाला तुम्ही स्वतः जाऊन नाही म्हणा; मुलगा म्हणणार नाही.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ज्या गावानं विजय हजारे पाहिले, किरण मोरे, पठाण आणि पांड्या बंधू दिले, त्या गावातल्या आजीला क्रिकेटच सुचणार. एकदा त्यांना सामन्याला घेऊन जा.

मी १४ वर्षांचा आहे. मी स्ट्रायकर आहे, पण सरांनी मला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, टाकलंय. माझे गोल कमी झाले. क्लब बदलू का?
– एक खेळाडू, निझामपुरा

नको रे बाळा. फ्रान्सचा स्ट्रायकर थिएरी ऑन्री मोनाको आणि युव्हेंटस या क्लबांत विंगवरच खेळत होता. १९९९ मध्ये आर्सेनलला आल्यावर त्याला मधे आणलं, तेव्हा पहिल्या आठ सामन्यांत त्याला एकही गोल मारता आला नाही. पुढे त्याच क्लबासाठी त्यानं २२८ गोल मारले. विंगवर तू डिफेंडरला एकट्यानं चकवायला शिकशील, आणि क्रॉस टाकणाऱ्याला स्ट्रायकर कुठे हवा असतो ते कळेल. सरांना विचार, ‘विंगवर मी काय शिकावं असं तुम्हाला वाटतं?’ ते नीट उत्तर देतील तर तिथंच राहा.

माझी मुलगी बारा वर्षांची, मुलांच्या संघात एकटीच खेळते. मुलींचा संघ जवळ नाही. चालेल का?
– एक वडील, कारेलीबाग

चालेल, आनंदानं खेळू द्या. मणिपूरची बाला देवी लहानपणी मुलांबरोबरच खेळली आणि २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबाशी तिनं करार केला. कपडे बदलायला स्वतंत्र जागा आहे का, एवढं मात्र स्वतः जाऊन बघून या. आणि शिनगार्ड तिच्या मापाचे घ्या. दादाचे जुने घसरतात आणि लाथ नेमकी उघड्या नडगीवर बसते.