सपोर्ट संपलेल्या जँगोवर पतसंस्थेचे संकेतस्थळ

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे सभासदांसाठीचे संकेतस्थळ २०१८ मध्ये एका स्थानिक डेव्हलपरने जँगो १.११ (संकेतस्थळे बांधण्याचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क) आणि पायथॉन २.७ (तो ज्या भाषेत चालतो ती प्रोग्रॅमिंग भाषा) वापरून तयार करून दिले. त्यावर सभासदांचे पत्ते, पॅन क्रमांक आणि कर्जखात्यांचे तपशील आहेत. या आवृत्तीचा सपोर्ट, म्हणजे निर्मात्यांकडून येणाऱ्या दुरुस्त्या, संपल्याचे लेखापरीक्षकांनी निदर्शनास आणून दिले आहे. डेव्हलपरचे म्हणणे असे, की संकेतस्थळ सुरळीत चालते, एसएसएल (माहिती सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय) आहे आणि नव्याने जाहीर होणाऱ्या त्रुटींच्या सूचनांत १.११ चे नावही नसते. मग खर्च कशासाठी करावा?
— सचिव, सहकारी पतसंस्था, सातारा जिल्हा

उत्तर : डेव्हलपरचा शेवटचा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो आणि नेमका तोच सर्वांत फसवा आहे. जँगो १.११ चा सपोर्ट एप्रिल २०२० मध्ये संपला, तर पायथॉन २ चा १ जानेवारी २०२० रोजी. त्यानंतरच्या सूचनांत १.११ चा उल्लेख नसतो, कारण जँगोचा सुरक्षा गट ज्या आवृत्त्यांना सपोर्ट आहे त्यांच्यासाठीच पॅच (त्रुटी बुजवणारा दुरुस्तीचा कोड) काढतो आणि सूचनेत त्यांचीच नावे देतो. वगळलेली आवृत्ती निर्दोष ठरते असा त्याचा अर्थ नाही.

जुलै २०२२ मधील उदाहरण पाहा. तारखांवर काम करणाऱ्या ट्रंक आणि एक्स्ट्रॅक्ट या फंक्शनांना वापरकर्त्याकडून आलेला मजकूर न तपासता दिला, तर त्यातून डेटाबेसमध्ये परकी एसक्यूएल (डेटाबेसशी बोलण्याची भाषा) आज्ञा घुसवता येते, असे तेव्हा उघड झाले. दुरुस्ती ३.२.१४ आणि ४.०.६ या आवृत्त्यांत आली. पण ही फंक्शने १.१० पासूनच जँगोत आहेत, म्हणजे तुमच्या १.११ मध्येही आहेत, आणि तिच्यासाठी अधिकृत पॅच निघालेला नाही. शिवाय पॅच सर्वांसमोर प्रसिद्ध होत असल्यामुळे दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा कोड शेजारी ठेवून नेमके कुठे बोट ठेवायचे हे हल्लेखोराला कळते. नव्या आवृत्तीची दुरुस्ती अशा रीतीने जुन्या आवृत्तीची वाटाडी बनते.

पॅच उपलब्ध असूनही तो न बसवल्याने काय होते, हे अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने २०१७ मध्ये अनुभवले. अपाचे स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधील त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्ये आली होती, तरी मे महिन्यात हल्लेखोर त्याच फटीतून आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. इक्विफॅक्सच्या हाताशी निदान पॅच तरी होता; तुमच्या १.११ साठी तोही नाही. एसएसएलबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ते ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधल्या वाटेचे रक्षण करते. हल्लेखोराची विनंतीही त्याच सुरक्षित वाटेने येते. आणि ‘आमच्यासारख्या लहान संस्थेकडे कोण पाहणार’ असे संचालक मंडळात कोणी म्हणालेच, तर असे सांगावे की स्वयंचलित स्कॅनर संस्थेचा आकार पाहत नाहीत.

आता कामाचे. डेव्हलपरकडून आधी दोन गोष्टी लेखी मागून घ्या : ट्रंक व एक्स्ट्रॅक्ट कुठे वापरले आहेत, आणि तिथे येणारी मूल्ये ठरावीक यादीतूनच घेतली जातात का. तशी ती घेतली जात असतील, तर निदान या एका त्रुटीपासून संकेतस्थळ वाचते. डीबग (चुका शोधण्यासाठीचा) पर्याय प्रत्यक्ष सर्व्हरवर बंद असलाच पाहिजे, कारण तो चालू असताना चूक झाली की पडद्यावर आवृत्ती आणि अनेक सेटिंग्ज उघड होतात. अ‍ॅडमिनचे पान केवळ कार्यालयाच्या आयपीवरून (इंटरनेटवरील पत्त्यावरून) उघडेल असे करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (सर्व्हरवरील घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

हे सगळे तात्पुरते आहे. कायमचा मार्ग आवृत्ती बदलण्याचा, आणि १.११ वरून ५.२ वर थेट उडी मारण्याचा मोह डेव्हलपरला झाला तर आवरा. १.११ पायथॉन ३ वरही चालते, म्हणून आधी केवळ भाषा बदलून घ्यावी आणि मग २.२, ३.२, ४.२ असे टप्पे घेत, सोबत पायथॉनही वाढवत, एप्रिल २०२८ पर्यंत सपोर्ट असलेल्या ५.२ वर यावे. २.० पासून प्रत्येक फॉरेन की (एका नोंदीला दुसरीशी जोडणारा दुवा) सोबत ‘ऑन डिलीट’, म्हणजे मूळ नोंद काढल्यास जोडलेल्या नोंदीचे काय करायचे, हे सांगणे सक्तीचे झाल्यामुळे पहिल्याच टप्प्यात मॉडेलच्या (डेटाची रचना सांगणाऱ्या) फायलींत बरेच काम निघते. कर्जदाराची नोंद काढली तर त्याच्या हप्त्यांच्या नोंदींचे काय व्हावे, हे मात्र डेव्हलपरने अंदाजाने न ठरवता तुमच्या लेखापालांना विचारून ठरवावे. प्रत्येक टप्पा बॅकअपच्या प्रतीवर तपासून मगच मुख्य सर्व्हरवर न्यावा, आणि नव्या करारात पुढील अद्ययावतीकरणाचा खर्च वार्षिक देखभालीतच धरावा.